सहीची पुस्तकं, पत्रं, रेकॉर्डी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात राहून सत्तावीस वर्षं मी मराठी लेखकांच्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या आणि थोड्याफार चित्रकारांच्या सह्या जमवतोय. या नादाला नव्याने लागलेली मंडळी भेटली की तेच ते प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाई असेल त्यांनी निदान पेनाचा, पावसाळ्याचा आणि खऱ्या-खोट्याचा प्रश्न वाचावा.

सुरुवात कुठून करू?

घरातल्या कपाटातून. जे पुस्तक तुम्ही वाचलंय, ज्याच्या कडा तुमच्या बोटांनी मळल्यात, ते घेऊन लेखकाकडे जा. नवी कोरी प्रत घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कधीही बरं. लेखकालाही पान उलटताना कळतं की समोरचा माणूस वाचणारा आहे, आणि मग दोन वाक्यं जास्त मिळतात.

ठरवून काही करायचं असेल तर मी दिवाळी अंक सुचवेन. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून ही आपल्याकडची खास चीज आहे. एखादा अंक निवडायचा आणि त्यातल्या प्रत्येक लेखकाची, कवीची, व्यंगचित्रकाराची सही त्याच्या त्याच्या पानावर घ्यायची. मी एका अंकाच्या मागे अकरा वर्षं आहे. एकतीसपैकी बावीस झाल्या, चार जण आता नाहीत, उरलेल्या पाचांपैकी एक फोन उचलत नाहीत.

सही कुठल्या पानावर घ्यावी?

शीर्षकपानावर, म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक जिथे एकत्र छापलेले असतात त्या पानावर. पुठ्ठ्याला चिकटलेल्या कोऱ्या अस्तराच्या पानावर जागा ऐसपैस असते, म्हणून लेखक हमखास तिथेच पेन टेकवतात. आपण पुस्तक शीर्षकपानावर उघडूनच पुढे करायचं.

याचं कारण मी पैसे मोजून शिकलोय. एका कादंबरीची शिवण उसवली होती, ती बाइंडिंगला टाकली. बाइंडरने काम सुरेख केलं: कापडी कणा, नवा पुठ्ठा, नवी पांढरीशुभ्र अस्तरं. जुनी अस्तरं त्याने कचऱ्यात टाकली होती आणि लेखकाने लिहिलेल्या चार ओळी त्यांच्यावरच होत्या. त्याची काही चूक नव्हती, सांगायचं मी विसरलो होतो. शीर्षकपान मात्र कुठलाही बाइंडर काढत नाही.

पेन कोणतं न्यावं?

हे तुम्हीच न्यायचं. लेखकाच्या खिशातल्या पेनावर विसंबू नका, आणि आयोजकांनी टेबलावर ठेवलेल्या फुकटच्या जाहिरातीच्या पेनावर तर मुळीच नाही.

पुस्तकाच्या साध्या कागदाला काळ्या किंवा निळ्या रंगद्रव्याच्या शाईचं जेल पेन उत्तम. फाउंटन पेनाची सही दिसायला देखणी, पण नेहमीची धुता येणारी निळी शाई उन्हाने उडते आणि पाण्याच्या एका थेंबाने पसरते. बॉलपेन टिकतं, पण दाबून लिहिणाऱ्याचा वळ मागच्या तीन पानांवर उठतो. जाड मार्कर पुस्तकात नको, शाई पलीकडे उतरते आणि वर्षभरात अक्षराभोवती पिवळट कड धरते. तो गुळगुळीत पृष्ठभागासाठी ठेवा. आणि सही झाल्याझाल्या पुस्तक मिटू नका. शाई समोरच्या पानावर उठली की ‘सप्रेम’चं उलटं ‘सप्रेम’ आयुष्यभर बघावं लागतं.

नाव घालून सही घ्यावी की नुसती?

विकायचं असेल तर नुसती, ठेवायचं असेल तर नावासकट, असा सरळ हिशोब लोक सांगतात. मला तो अर्धाच पटतो. ‘चि. अमुक यास, परीक्षेसाठी शुभेच्छा’ अशा ओळीला बाजारात फारसं कुणी विचारत नाही हे खरं. पण एका कवीने दुसऱ्या कवीला, गायिकेने आपल्या साथीदाराला किंवा लेखकाने आपल्या मुखपृष्ठकाराला लिहून दिलेली प्रत असेल तर नावामुळेच तिचं मोल वाढतं.

नाव घालून घेणार असाल तर ते चिठ्ठीवर सुवाच्य लिहून न्या. गर्दीत ‘दीप्ती’ची ‘तृप्ती’ होते आणि मग भिडेपोटी कुणी बोलत नाही. माझ्या बायकोच्या नावाने घेतलेल्या एका पुस्तकावर आजही भलतंच नाव आहे. तिने ते वाचलेलं नाही.

लेखक भेटतात कुठे?

प्रकाशन समारंभ ही सगळ्यात सोपी जागा. चहा आणि बटाटेवडे सुरू झाले की पंधरा मिनिटं मिळतात. साहित्य संमेलनात (परंपरा १८७८ पासूनची, पहिलं पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली) एका वेळी खूप जण सापडतात, पण मुख्य मांडवात जाऊन उपयोग नाही. ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकांच्या गाळ्यांवर थांबा. दुपारी जेवणानंतर लेखक आपापल्या प्रकाशकाकडे येऊन टेकतातच. २०२५ मध्ये संमेलन दिल्लीला झालं तेव्हा प्रवास जड होता, पण इथे कधी निवांत न भेटणारी माणसं तिथे भेटल्याचं ऐकलं. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सवही आता यादीत धरा.

घरी जायचं असेल तर आधी फोन. एका वेळी दोन, फार तर तीन पुस्तकं. पंधरा पुस्तकांची पिशवी घेऊन दारात उभा राहिलेला माणूस वाचक वाटत नाही, दुकानदार वाटतो. आणि सिग्नलवर मिळणारी चोरटी छपाईची प्रत सहीसाठी पुढे करू नका. लेखकाला कागद बघताच कळतं.

गायक-वादकांना कधी गाठावं?

गाण्याच्या आधी कधीच नाही. तंबोरे जुळत असताना ग्रीनरूममध्ये डोकावणं म्हणजे स्वयंपाकघरात चपला घालून शिरणं. मैफल झाल्यावर घाम पुसू द्या, चहा होऊ द्या, शिष्यमंडळी पाया पडून होऊ देत, मग पुढे व्हा. त्यातही पहिलं वाक्य सहीचं नसावं. ‘बुवा, मारव्यातला तो निषाद…’ असं काहीतरी खरोखर ऐकलेलं बोला. बुवा, ताई, पंडितजी, खाँसाहेब यांपैकी त्यांना काय म्हणतात ते शिष्याला आधी विचारून ठेवा.

भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आमच्यासाठी वर्षाचा सण. रमणबागेत व्हायचा तेव्हा पहाटेच्या थंडीत शाल गुंडाळून कलाकारांच्या वाटेवर उभं राहता यायचं. आता बंदोबस्त कडक असतो. एक युक्ती सांगतो: मुख्य कलाकाराभोवती गर्दी असते तेव्हा तबलजी, पेटीवाले आणि मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलं मोकळी असतात. त्यांच्याही सह्या त्याच कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. माझ्याकडच्या एका पत्रिकेवर तेव्हा तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीची सही आहे. आता तिच्या स्वतःच्या मैफलीला तिकीट मिळत नाही.

वाद्यावर सही मागितली तर चालेल का?

परदेशी गिटारवर घेतात ते बघून लोक विचारतात. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करतात, त्यामुळे तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मार्कर चालवायला सांगणं बऱ्याच जणांना खटकतं. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वाजवायच्या कातड्यावर, घेतलेली सही तर वाद्य वाजतं ठेवलं तर टिकतच नाही, पुडी फाटली की बदलावी लागते. त्यापेक्षा उतरवलेली जुनी पुडी मागा. काही जण हसत देतात.

एलपी, कॅसेट, सीडी?

एलपीच्या वेष्टनावर घ्या, तबकडीवर नको. वेष्टन चकचकीत असतं, बॉलपेन घसरतं आणि नुसता चरा उमटतो, म्हणून इथे बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर. फोटोतल्या काळ्या भागावर काळी सही दिसत नाही, चंदेरी मार्कर जवळ असू द्या. सीडीच्या आतल्या पुस्तिकेवर घ्या. कॅसेटच्या कार्डाची आतली बाजू बहुधा कोरी असते आणि तिथे पेन छान चालतं.

पोस्टाने पाठवून सही मिळते का?

मिळते, अजूनही. आधी पत्र पाठवा, होकार आला की पुस्तक. सोबत परतीचा पत्ता घातलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं, पुस्तक मावेल असं पाकीट. लेखकाला पोस्टाच्या रांगेत उभं करायचं नाही. पहिली आवृत्ती पोस्टाने पाठवू नका.

सहीचे पैसे द्यावेत का?

मराठीत तशी रीत नाही. गांधीजी हरिजन निधीसाठी एका सहीचे पाच रुपये घेत, ती गोष्ट वेगळी. एखाद्या लेखकाने ‘अमुक संस्थेला देणगी द्या’ म्हटलं तर आनंदाने द्या. नाहीतर त्यांचं आणखी एक पुस्तक तिथल्या तिथे विकत घ्या.

लेखक टोपणनावाने लिहीत असेल तर कोणत्या नावाची सही घ्यायची?

त्या पुस्तकावर छापलेल्या. कवितेला कुसुमाग्रज आणि नाटकाला वि. वा. शिरवाडकर, कवितेला आरती प्रभू आणि कादंबरीला चिं. त्र्यं. खानोलकर अशी आपल्याकडे विभागणीच असते. पण आग्रह धरू नका. जुन्या पिढीतल्या काहींची सही मोडीत असते, तीही ‘वाचता येत नाही’ म्हणून नाकारू नका. मोडी वाचणारी माणसं पुण्यात अजून सापडतात.

जुन्या बाजारात सहीचं पुस्तक मिळालं. ठेवू का?

ठेवा की. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत फोर्टातले फुटपाथ आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे रद्दीवाले, माझा निम्मा संग्रह इथूनच आलाय. ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का किंवा हस्ताक्षर असलेल्या प्रती पुष्कळ मिळतात. परीक्षणासाठी पाठवलेलं पुस्तक न वाचता रद्दीत गेलेलं असतं. पानांच्या जोडलेल्या कडा कापून मोकळ्या केलेल्या नसल्या की गोष्ट स्पष्टच होते.

दोन पथ्यं. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ‘बाद’ किंवा तत्सम नोंद आहे का ते बघा, नसेल तर त्या ग्रंथालयाला विचारा. आणि ज्याला भेट दिली होती तो माणूस हयात असेल तर ‘तुमचं पुस्तक मला रद्दीत सापडलं’ असं जगजाहीर करू नका. बहुतेक वेळा पुस्तक त्याने विकलेलं नसतं, घर बदलताना मुलांनी काढलेलं असतं.

सही खरी आहे हे कसं ओळखायचं?

आधी सही बघूच नका, पुस्तक बघा. खोटेपणा बहुतेक वेळा श्रेयपानावर, म्हणजे आवृत्ती, साल, प्रकाशकाचा पत्ता छापलेल्या पानावर सापडतो.

समजा कुणी तुम्हाला पु. ल. देशपांड्यांच्या सहीचं पुस्तक देऊ केलं. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. किमतीपुढे ₹ हे चिन्ह छापलेलं असेल तर विषय संपला, कारण ते चिन्ह १५ जुलै २०१० ला आलं. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) म्हणून तेरा आकडे छापलेले असतील तर प्रत बहुधा २००७ किंवा त्यानंतरची, कारण त्या वर्षीच्या जानेवारीपासून तो क्रमांक दहाचा तेरा आकडी झाला. (नुसत्या बारकोडखाली ९७८ने सुरू होणारे आकडे त्याआधीही असायचे, तेवढ्यावर निकाल देऊ नका.) प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. म्हणजे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची सही त्या प्रतीवर असूच शकत नाही. पुनर्मुद्रणाचं साल आणि सहीखालची तारीख जुळते का, हे तर पहिलं. ‘सहावी आवृत्ती १९८६’ आणि सहीखाली १९७९ असं पुस्तक मला एकाने छातीठोकपणे दाखवलं होतं.

मग शाई. फेल्टपेन १९६० च्या दशकात आली. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, बॉलपेन बाजारात यायच्या कितीतरी आधी. त्यांच्या नावापुढे बॉलपेनची रेघ असेल तर ती कुणाची तरी असेल, गडकऱ्यांची नाही. जुन्या, तपकिरी पडलेल्या कागदाची खळ गेलेली असते, त्यावर आज फाउंटन पेनाने लिहिलं तर शाई फुटते, कडांना बारीक मुळं फुटल्यासारखी दिसते. जुन्या सहीच्या कडा स्वच्छ असतात. नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळते, तिच्या उजेडात कोरं पान लख्ख निळसर पांढरं चमकलं तर कागद बहुधा १९५० नंतरचा.

सगळ्यात शेवटी सही. खरी सही धावते. सुरुवातीला आणि शेवटी रेघ निमुळती होते, कारण हात थांबायच्या आत पेन उचललं जातं. नक्कल करणारा चित्र काढतो: रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, टोकं बोथट, मधेच थबकल्याचे ठिपके. आणि एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका, संशय घ्या.

म्हातारपणाची थरथर मात्र वेगळी. ती रेघेत असते, पण वळणं तीच राहतात.

चित्रातली सही चालते का?

छापलेली असेल तर ती सही नव्हे. दलाल, मुळगावकर या चित्रकारांच्या मुखपृष्ठांवर कोपऱ्यात असलेलं नाव चित्राबरोबर छापलेलं आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या तसबिरी ‘रविवर्म्यांच्या सहीचं चित्र’ म्हणून आजही दाखवल्या जातात. जवाहिऱ्याचं भिंग लावा. छपाईत बारीक ठिपके दिसतात, किंवा सहीची शाई आणि बाकीच्या मजकुराची शाई एकच दिसते. बोटाने मागून चाचपलं तर लिहिलेल्या सहीचा वळ पुष्कळदा लागतो. पाण्याचा थेंब टाकून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

चित्रकाराने पुस्तकात सहीसोबत दोन रेघांचं चित्र काढून दिलं तर नशीब समजा. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मागू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार एकटेच बसलेले असतात.

पावसाळ्यात काय करू?

जूनच्या आधी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ओल भिंतीतून येते आणि पुस्तकाच्या पाठीवर आधी बुरशी धरते. पुस्तकं कोंबून भरू नका, एक बोट सहज जाईल एवढी जागा हवी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर त्या वाळवून पुन्हा वापराव्या लागतात, नाहीतर त्यांचा काही उपयोग नाही. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. आजी कडुलिंबाचा वाळवलेला पाला ठेवायची, मीही ठेवतो, पण कागदाच्या पुडीत, थेट पानांत नाही. कसर लागली की पानाच्या वरच्या थरावर खरवडल्यासारखे ओरखडे दिसतात, वाळवी आरपार जाते. वाळवी दिसली तर त्या दिवशी दुसरं कुठलंही काम करू नका.

सुटे कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. स्टेशनरीतली वास मारणारी पीव्हीसीची फोल्डरं नकोत, त्यांना शाई चिकटते. वर्तमानपत्राचं कात्रण पुस्तकात ठेवू नका, त्यातल्या आम्लाने समोरच्या पानावर कात्रणाच्याच आकाराचा तपकिरी चौकोन उमटतो.

लॅमिनेशन करून घेऊ?

नाही. टेपही नाही.

लेखकाचं पत्र माझ्याकडे आहे. फेसबुकवर टाकू का?

कागद तुमचा, मजकूर त्यांचा. कॉपीराइट कायद्यानुसार पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यामागे वारसांकडे राहतो. भारतात ही मुदत सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराला छपाईपासून साठ वर्षं. जी. ए. कुलकर्ण्यांची पत्रं त्यांच्या पश्चात खंडांमधून आली, तेव्हा पत्रांना वाङ्मय म्हणून काय वजन असतं ते सगळ्यांना दिसलं. वारसांना विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. आणि पत्रात तिसऱ्या कुणाबद्दल खाजगी काही असेल तर परवानगी असूनही टाकू नका.

अमेरिकेतल्या मुलाकडे संग्रह पाठवता येईल का?

अलीकडची सहीची पुस्तकं खुशाल. जुन्याला मात्र १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आडवा येतो. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला, कलावस्तू शंभरची झाली, की ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांची मूळ चित्रं वयाची अट न लावताच या कायद्यात येतात. म्हणजे पणजोबांना आलेलं १९३० चं पत्र सुटकेसमध्ये टाकून न्यायचं नाही. स्कॅन पाठवा.

माझ्या सहीच्या पुस्तकाला किती किंमत येईल?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी. मराठीचा बाजार लहान आहे आणि घेणारे एकमेकांना ओळखतात. पहिली आवृत्ती, मूळ वेष्टन, लवकर गेलेला किंवा सही टाळणारा लेखक, आणि सही कुठे कशी झाली याचा पुरावा, एवढ्यावर ठरतं. जो लेखक आयुष्यभर प्रत्येक समारंभात हसतमुखाने सह्या देत राहिला, त्याच्या सहीला भाव नसतो. माणूस म्हणून तो मला जास्त आवडतो, हे वेगळं.

पुरावा म्हणजे काय ठेवायचं?

त्याच रात्री, शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने: तारीख, गाव, सभागृह, निमित्त, सोबत कोण होतं, काय बोलणं झालं. निमंत्रणपत्रिका किंवा तिकीट वेगळ्या पाकिटात, त्यावर पुस्तकाचं नाव. मी पहिली सात वर्षं यातलं काही केलं नाही. त्या काळातली एक प्रत माझ्याकडे आहे, ‘त्या पावसाची आठवण’ एवढंच लिहून खाली सही. पाऊस कुठला, मी कुणाबरोबर होतो, छत्री कुणाची होती, काही आठवत नाही. लेखकालाही विचारायची सोय राहिलेली नाही.

माझ्यानंतर या सगळ्याचं काय?

यादी करून ठेवा आणि घरच्यांना ती कुठे आहे ते सांगा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. अशा संस्थांशी आधी बोला, सगळं सरसकट घेतील असं धरून चालू नका, त्यांनाही जागेची अडचण असते. मी माझी यादी वहीत केली आहे, वही खालच्या कप्प्यात, वर पिवळी चिठ्ठी: ‘रद्दीवाल्याला बोलावण्याआधी वाचा.’